एक सीएल सावंतवाडीसाठी!

गोव्याला जाताना ज्या गावाला आपण बायपासवरूनच टाटा करतो, त्या गावात एक दिवस उतरून बघा. गाइड नको, टॅक्सी नको, ग्रुप टूर तर नकोच. चपला मात्र चांगल्या हव्यात.

आमच्या बिल्डिंगचं रीडेव्हलपमेंट ठरलं आणि माळा रिकामा करायची वेळ आली. सगळ्या घरांत निघतं तेच आमच्याही माळ्यावरून निघालं. तांब्याचा बंब, बाबांच्या कॅसेट्स, माझी इयत्ता चौथीची प्रगतिपुस्तकं. आणि एका बिस्किटाच्या डब्यात माझी लाकडी भातुकली! लाल-हिरव्या-पिवळ्या रंगाची. चूल, पोळपाट-लाटणं, छोटे छोटे टोप, कळशी आणि जातं. फक्त जात्याचा खुंटा गायब.

आई म्हणाली, "सावंतवाडीची आहे ती. आपण गोव्याला गेलो होतो ना, तेव्हा तळ्याजवळ गाडी थांबली होती. तू रडून रडून घ्यायला लावलीस." मला गोवा फारसा आठवत नाही. पण ते तळं आठवतं. हायवेला चिकटून असलेलं मोठ्ठं तळं, पलीकडे लाल राजवाडा, आणि अलीकडे दुकानांच्या दारात टांगलेली खेळणी. बाबांचं "पाच मिनिटांत सगळे गाडीत!" हेही आठवतं.

त्यानंतर कितीतरी वेळा गोव्याला गेले. मित्रांबरोबर, ऑफिसच्या ऑफसाइटला, एका मैत्रिणीच्या बॅचलरेटला. सावंतवाडी एकदाही लागली नाही. कारण आता हायवे गावातून जातच नाही. झाराप ते पत्रादेवी असा बायपास झालाय आणि गाड्या गावाला वळसा घालून सुसाट निघून जातात. रेल्वेचं म्हणाल, तर 'सावंतवाडी रोड' हे स्टेशनही गावात नाही, सात-आठ किलोमीटर लांब मळगावात आहे. म्हणजे सावंतवाडी आता वाटेत लागत नाही. तिथे मुद्दाम जावं लागतं.

म्हणून मुद्दाम गेले. फ्रीलान्सर असण्याचा एकच फायदा आहे, मंगळवारी सुट्टी घ्यायला कुणाला विचारावं लागत नाही. तुम्ही एक सीएल टाका. आणि शक्यतो मंगळवारीच टाका, कारण त्या दिवशी गावाचा आठवडा बाजार असतो.

तळ्याची फेरी

रात्री सीएसएमटीहून कोकणकन्या पकडली की सकाळी चहाच्या वेळेला सावंतवाडी रोड. स्टेशनवरून रिक्षा. "कुठे सोडू?" या प्रश्नाला इथे एकच उत्तर, तळ्यावर! रिक्षावाले दादा "कुठलं तळं?" असं विचारत नाहीत.

मोती तलाव म्हणजे या गावाचा मरीन ड्राइव्हच. फरक एवढाच, की इथे पूर्ण गोल फिरता येतं. रमतगमत गेलात तर अर्ध्या-पाऊण तासाची फेरी. सकाळी आठ-नऊच्या सुमाराला वॉकला आलेले काका, शाळेला निघालेली पोरं, स्कूटीवरून कॉलेजला चाललेल्या मुली असं सगळं गाव या काठावरून जातं. एका बाजूला राजवाडा आणि श्री पंचम खेमराज महाविद्यालय, दुसऱ्या बाजूला बाजारपेठ. अशी लोकेशन असलेलं कॉलेज मला मिळालं असतं, तर माझी अटेंडन्स नक्कीच शॉर्ट पडली नसती. किंवा कदाचित आणखीच पडली असती!

काठावरच केशवसुत कट्टा आहे. कवी केशवसुत मालगुंडचे, म्हणजे रत्नागिरीकडचे. पण सावंतवाडीशी त्यांचं नाव दोन प्रकारे जोडलं गेलंय. एक हा कट्टा आणि दुसरी ट्रेन. दादर-सावंतवाडी राज्यराणी एक्स्प्रेसचं नाव 2017 मध्ये 'तुतारी एक्स्प्रेस' झालं, ते त्यांच्या 'तुतारी' या कवितेवरून. कवितेचं नाव असलेल्या गाडीने यायचं आणि कवीच्या नावाच्या कट्ट्यावर टेकायचं. आणखी काय पाहिजे?

कट्ट्यावर एक आजोबा पेपर वाचत होते. मी तळ्याचे फोटो काढतेय असं बघून म्हणाले, "पाण्यात उतरू नका हां. मगर आसा." मला वाटलं, मुंबईवाली बघून फिरकी घेतायत. नंतर तीन जणांनी तेच सांगितलं. पावसाळ्यात मगर दिसल्याच्या बातम्या पेपरातही येऊन गेल्यात म्हणे. मग मी शहाण्यासारखी कठड्याच्या अलीकडूनच फोटो काढले.

पत्त्यांचा राजवाडा

सावंतवाडी ही सावंत-भोसल्यांच्या संस्थानाची राजधानी. 1948 मध्ये संस्थान विलीन झालं, आधी रत्नागिरी जिल्ह्यात आणि 1981 पासून नव्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात. चराठे गावाची एक वाडी, तिचं हे शहर झालं. जुन्या लोकांच्या तोंडी 'सुंदरवाडी' हेही नाव अजून येतं. राजवाडा तिसरे खेमसावंत यांच्या काळातला. ते 1755 ते 1803 असे तब्बल 48 वर्षं गादीवर होते. बांधकाम लाल जांभ्याचं. राजस्थानातले महाल डोळ्यांसमोर ठेवून जाऊ नका, हा राजवाडा अंगाने लहान आहे, झाडीत बसलेला आहे आणि म्हणूनच घरासारखा वाटतो.

तिकीट काढून आत गेलात की सरळ दरबार हॉलकडे जा. तिथे बघायची गोष्ट म्हणजे सिंहासन नाही, तर पत्ते!

गंजिफा. गोल पत्ते, हाताने रंगवलेले. बाबराच्या आठवणींमध्ये 1527 साली गंजिफाचा संच भेट पाठवल्याची नोंद आहे, इतका हा खेळ जुना. मुघल गंजिफात 96 पत्ते. आपल्याकडे त्याचं रूपांतर दशावतारी गंजिफात झालं, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात 12 पत्ते, म्हणजे एकूण 120. बारांपैकी एक राजा, एक प्रधान आणि बाकी एक्क्यापासून दश्शीपर्यंत. इस्पिक-बदामच्या जागी मासा, कासव, कमंडलू, परशू. तीन जणांनी खेळायचं, प्रत्येकाला 40 पत्ते. आणि यातला सगळ्यात भारी नियम ऐका. दिवसा खेळायला बसलात तर ज्याच्याकडे रामाचा राजा तो सुरुवात करणार, रात्री बसलात तर ज्याच्याकडे कृष्णाचा राजा तो! म्हणजे पत्ते वाटण्याआधी घड्याळ बघायचं. शिवाय दहापैकी पाच रंगांत दश्शी मोठी, तर उरलेल्या पाचांत एक्का मोठा. आपली रमी याच्यापुढे बालवाडी.

ही कला 1970 च्या सुमारास जवळजवळ संपली होती. पुंडलिक चितारी हे वयोवृद्ध कारागीर तेवढे उरले होते. राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी त्यांच्याकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यातच कारागिरांना कामाला बसवलं. सत्वशीलादेवी 2018 मध्ये गेल्या. काम सुरू आहे. सावंतवाडीच्या गंजिफाला आता जीआय मानांकन आहे. राजवाड्याच्या आवारात एक छोटं आर्ट हॉटेलही झालंय, त्याच्या खोल्यांवर याच पत्त्यांची चित्रं.

मी गेले तेव्हा एक ताई मान खाली घालून मत्स्यावताराच्या शेपटीचे खवले रंगवत होत्या. ब्रश असा की दोन-चार केसच असावेत त्याला. मी विचारलं, "एक सेट व्हायला किती दिवस लागतात?" त्या मान वर न करता म्हणाल्या, "ते डोळ्यांवर आहे." मग थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "खेळूक येता काय तुका?"

मी नाही म्हटलं.

"आता कोणाकच येणा नाय. शोकेसात ठेवूक न्हेतत." तक्रार नव्हती त्यात. पुढचा खवला रंगवायला घेतला होता त्यांनी.

पूर्ण सेटची किंमत विचारली आणि माझ्या दोन आर्टिकल्सचं मानधन डोळ्यांसमोरून गेलं. शेवटी सुटे पत्ते घेतले, एक राम आणि एक कृष्ण. दिवस आणि रात्र, दोन्हीची सोय.

खुंटा मिळेल का खुंटा?

आता मोबाइलवरचा मॅप बंद करा. खरंच सांगते. सावंतवाडीत विचारत विचारत जाण्यातच मजा आहे. "चितारआळी कुठे?" एवढं विचारायचं, कुणीतरी हातातलं काम सोडून चार पावलं तुमच्याबरोबर येतं.

चितारआळी म्हणजे लाकडी खेळण्यांची गल्ली. दुकानांत शिरलात की आधी फळंच दिसतात. आंबा, केळी, सीताफळ, मिरच्या, सगळं लाकडाचं आणि इतकं हुबेहूब की माझ्या शेजारच्या बाईंनी सीताफळ दाबून बघितलं. मग भोवरे, बैलगाड्या, हळदी-कुंकवाचे करंडे, लग्नातले रंगवलेले पाट. खेळण्यांचं लाकूड परंपरेने पांगाऱ्याचं, हलकं आणि कोरायला मऊ.

मी डब्यातून जातं काढलं आणि पहिल्या दुकानात विचारलं, "याचा खुंटा मिळेल का?" मालक म्हणाले, नवीन भातुकली घ्या. दुसऱ्या दुकानात, नवीन घ्या. तिसऱ्या दुकानातल्या मुलाने मात्र जातं हातात घेऊन फिरवून बघितलं आणि मागच्या बाजूच्या एका घराकडे बोट दाखवलं. "काका आसत. त्येंका विचार."

काका पडवीत मशीनवर होते. साठीच्या पुढचे, अंगावर भुसा, चष्म्यावर भुसा. मशीन म्हणजे मोटर लावलेला लेथ. त्यावर लाकूड गरगर फिरतं आणि पटाशी टेकवली की साल निघावी तशी त्याची रिबिन निघते. मग फिरत्या लाकडावर लाखेची रंगीत कांडी दाबून धरायची. घर्षणाने गरम होऊन लाख वितळते आणि रंग लाकडावर चढतो. वरून केवड्याचं पान दाबलं की झक्कास चकाकी. ना ब्रश, ना पेंटचा डबा. बघत बसावं असं काम आहे हे.

काकांनी जातं उजेडात धरलं. खाली, वर, आतल्या भोकात. "हंयचाच," म्हणाले. "खंयसून इलंस गो बाय?"

"मुंबईहून."

"ह्येच्यासाठी?"

मी हो म्हटलं. ते हसले नाहीत. चष्मा पुसला आणि म्हणाले, "चार वाजता ये. रंग तसोच गावाचो नाय हां. जुनी लाख आता मेळणा नाय."

मला वाटलं होतं पाच मिनिटांचं काम. पण त्यांच्या पुढ्यात कुणाच्यातरी ऑर्डरचे करंडे होते, पन्नासेक तरी. खुंटा रांगेत शेवटी.

उभा बाजार, आडवी मी

चार वाजेपर्यंत काय करायचं? बाजार! सावंतवाडीच्या मुख्य पेठेचं नाव उभा बाजार. दोन्ही बाजूंना जुनी कौलारू दुकानं, काहींच्या वर लाकडी सज्जे. मधेमधे नव्या काचेच्या शोरूमही घुसल्यात, पण कापडाच्या आणि भांड्यांच्या दुकानांत अजून मालक स्वतः गादीवर बसून "या, बसा" म्हणतात.

मंगळवारी आजूबाजूच्या गावांतून माणसं येतात. टोपल्यांत गावठी भाज्या, कुळथाचं पीठ, आमसुलं, लाल तांदूळ, अबोलीचे वळेसर. मी फेब्रुवारीत गेले होते, म्हणजे ओल्या काजूगरांचा सीझन नुकता सुरू झालेला. ओले काजूगर किलोवर नाही, शेकड्यावर मिळतात. मावशी शंभर गर मोजून देतात आणि वर चार-पाच टाकतात. मी विचारलं, "मावशी, हे सोलायचं कसं?" त्यांनी स्वतःचे हात पुढे केले. बोटांची टोकं काळी पडलेली होती. काजूच्या सालीतल्या तेलाने कातडी भाजते. मुंबईत आपण 'काजूची उसळ किती महाग' म्हणून नाक मुरडतो ना? मी त्यानंतर घासाघीस केली नाही.

बाजारातून फिरता फिरता श्रीराम वाचन मंदिरात नक्की डोकवा. दीडशेहून अधिक वर्षं जुनं ग्रंथालय. आपल्याकडे मॉलमध्ये एसीसाठी शिरतात तसं मी पंख्यासाठी शिरले आणि अर्धा तास बसले. पेपर वाचणाऱ्या चौघांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा पेपरात गेले. शांतता म्हणजे काय, ते तिथे कळतं.

आणि पोटोबा? कुठल्याही खानावळीत बसा. मी बांगड्याचं तिखलं, भात आणि सोलकढी घेतली. तिखल्यात तिरफळं होती, जीभ बधिर होईपर्यंत! व्हेज असाल तर काजूची उसळ आहेच. जेवल्यावर उभ्या बाजारात उभं राहणं कठीण झालं. सरळ तळ्याकाठच्या बागेत गेले आणि बाकावर चक्क आडवी झाले. इथल्या बागेला जगन्नाथराव भोसले यांचं नाव आहे. आझाद हिंद सेनेत नेताजींबरोबर काम केलेले हे सेनानी याच भागातले. त्यांच्या नावाच्या बागेत भर दुपारी झोपले, याबद्दल थोडी लाज वाटली. पण झोप मस्त लागली.

चार वाजता

चारला बरोबर चितारआळीत हजर. काकांचे करंडे संपले नव्हते. तरी त्यांनी मला बघून लाकडाचा एक बारीक तुकडा मशीनवर चढवला. मोजमाप काही नाही. जात्याचं भोक एकदा करंगळीने चाचपलं, तेवढंच. दोन मिनिटांत खुंटा तयार झाला. लाल कांडी लावली, केवड्याचं पान फिरवलं आणि जात्यात बसवला. फिट्ट!

तेवढ्यात मी विचारून घेतलं, घरात आणखी कुणी हे काम करतं का?

"पोरगो गोव्याक कंपनीत आसा. बरो आसा." लेथ बंद करून ते सांगत होते. "आधी गाडये हयसूनच जायत. पोरां रडत, आवशी-बापूस घेत. आता सगळे वरसून जातत."

रडणाऱ्या पोरांमधली एक मी होते, हे मी त्यांना सांगितलं. तेव्हा ते पहिल्यांदा हसले.

मग त्यांनी एक गोष्ट दाखवली. दुकानांतल्या मालात काही खेळणी बाहेरगावाहून येतात. इथली कुठली आणि बाहेरची कुठली, हे गिऱ्हाइकाला कळत नाही. "विचारूचा," ते म्हणाले. "कोणी केल्यान, ह्या विचारूचा. विचारल्यार सांगतत." एवढा साधा प्रश्न मी आयुष्यात एकदाही कुठल्या दुकानात विचारला नव्हता. आपण 'ऑफर काय आहे' एवढंच विचारतो.

पैसे किती म्हटलं, तर वीस रुपये. मी पन्नासची नोट पुढे केली, त्यांनी तीस परत दिले. मग मी त्यांच्याकडूनच सहा भोवरे घेतले, भाच्यासाठी एक आणि बाकी ऑफिसातल्या डेस्कवर कंटाळून बसणाऱ्या मित्रमंडळींसाठी. स्ट्रेस बॉलपेक्षा बरा पर्याय आहे, ट्राय करून बघा.

खुंट्याचा रंग जुळला नाही. जातं विटकरी लाल झालंय आणि खुंटा एकदम लालभडक. लांबूनही कळतो.

दिवे लागले

संध्याकाळी पुन्हा तळ्यावर या. पलीकडे राजवाडा, पाण्यात दिव्यांची लांबच लांब प्रतिबिंबं, काठावर शेंगदाणे आणि आइस्क्रीम. सकाळचे वॉकवाले काका आता नातवंडांना घेऊन आलेले. मगरीवाले आजोबा कट्ट्यावर त्याच जागी. मला बघून त्यांनी विचारलं, "काय काय बघितलास?" मी पिशवीतून जातं काढून दाखवलं. त्यांनी ते घेतलं, खुंटा धरून दोन वेळा गरगर फिरवलं आणि न बोलता परत दिलं.

आईला फोटो पाठवला. तिचा रिप्लाय आला, "खुंटा वेगळा दिसतोय." मग दोन मिनिटांनी दुसरा, "असू दे. छान आहे. मलाही एकदा घेऊन चल, पण या वेळी पाच मिनिटांसाठी नको."

वॉकचा फंडा

कसं जाल: मुंबईहून कोकणकन्या सकाळी पोचवते. तुतारी दादरहून मध्यरात्रीनंतर लगेच सुटते आणि दुपारी पोचते, म्हणजे तिने गेलात तर तळं आणि राजवाडा पहिल्या दिवशी, बाजार दुसऱ्या दिवशी. निघण्याआधी टाइमटेबल बघून घ्या. स्टेशनवरून गावात यायला रिक्षा आणि एसटी. गोव्यात असाल तर हायवे सोडून आत वळा, बस.

कधी जाल: ऑक्टोबर ते मार्च. ओले काजू हवे असतील तर फेब्रुवारी-मार्च. बाजारासाठी मंगळवार.

क्रम काय ठेवाल: सकाळी तळ्याची फेरी, मग राजवाडा (दरबार हॉलच्या वेळा आधी विचारून घ्या), चितारआळी, उभा बाजार, वाचन मंदिर, संध्याकाळी परत तळं. सगळं चालत. दुपारी बारा ते तीन उन्हात हिरोगिरी नको.

काय घ्याल: गंजिफाचे सुटे पत्ते, लाकडी फळं, भोवरे, आमसुलं, कुळथाचं पीठ. आणि घेताना विचारा, "कोणी केलंय?"

काय न्याल: चांगल्या चपला, टोपी, सुटे पैसे. घरात सावंतवाडीचं एखादं मोडकं खेळणं असेल, तर तेही!